विश्लेषण : रुग्णालयाभोवतीच्या गल्ल्या कोणाच्या? ‘रहिवासी पार्किंग परवान्या’ने काय साधते, काय नाही?

मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्याला दिवसाचे वेळापत्रक गाड्यांवरून कळते. सकाळी सातच्या आसपास पाळी बदलते, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या दुचाकी येतात. आठनंतर केसपेपर काढायला आलेल्यांच्या मोटारी. दुपारी रक्त-तपासणीचे अहवाल न्यायला आलेले, संध्याकाळी भेटीच्या वेळेत डबा घेऊन आलेले नातेवाईक. मुलांना शाळेत सोडायला गाडी बाहेर काढली की ती जागा रात्री नऊपर्यंत परत मिळत नाही, हा रहिवाशांचा रोजचा अनुभव. त्याच वेळी त्याच गल्लीत कुणी तरी तिसरी फेरी मारत असते. मागच्या सीटवर डायलिसिसला आणलेले वडील असतात, रुग्णालयाचे वाहनतळ भरलेले असते आणि सोसायटीचा सुरक्षारक्षक फाटकासमोर खुर्ची टाकून बसलेला असतो. दोघांचीही अडचण खरी. भांडतात मात्र ते एकमेकांशी. गाड्यांची सोय न करता वाढत गेलेले रुग्णालय आणि रस्त्याची मालक असलेली महापालिका या भांडणात कुठेच नसतात.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे रहिवासी पार्किंग परवाना. परिसरात राहणाऱ्यांनाच गल्लीत गाडी लावता यावी, बाहेरच्यांना नाही किंवा ठरावीक वेळेपुरतीच. अमेरिका व ब्रिटनमध्ये ही पद्धत अनेक दशके चालू आहे आणि रुग्णालयांभोवतीचे भाग हे तिचे नेहमीचे ठिकाण. तिथला अनुभव पाहिला तर परवाना एक प्रश्न सोडवतो आणि दुसरा शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतो, असे दिसते.

परवाना म्हणजे राखीव जागा का?

नाही, आणि सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. पालिका एखादा भाग ‘परवाना क्षेत्र’ म्हणून जाहीर करते, रस्त्यावर पट्टे आखते, कोणत्या दिवशी किती ते किती वाजेपर्यंत नियम लागू आहे याचे फलक लावते. त्या क्षेत्रात राहत असल्याचा पुरावा दिला की वार्षिक शुल्क घेऊन परवाना मिळतो. पूर्वी तो काचेवर चिकटवायचा कागद असे. आता बऱ्याच शहरांत गाडीचा क्रमांकच संगणकात नोंदवला जातो आणि तपासनीस हातातल्या यंत्रावर तो पडताळतो. पाहुण्यांसाठी वेगळी कुपने असतात. लंडनच्या अनेक भागांत ती स्क्रॅच कार्डच्या रूपात मिळत. पाहुणा आला की तारीख खरवडायची आणि कार्ड काचेमागे ठेवायचे.

मात्र परवाना मिळाला म्हणजे घरासमोरची जागा आपली झाली असे होत नाही. त्या क्षेत्रात जिथे मोकळी जागा सापडेल तिथे गाडी लावण्याची मुभा तेवढी मिळते. जागांपेक्षा परवाने जास्त वाटले गेले की लोक त्याला ‘शिकारीचा परवाना’ म्हणतात. शिकार मिळेलच असे नाही, शोधत फिरण्याचा हक्क तेवढा विकत घेतलेला.

या योजनेची ढोबळमानाने दोन रूपे आहेत. पहिल्यात नियमाच्या वेळेत बाहेरच्या गाडीला पूर्ण मनाई असते. दुसऱ्यात कोणीही ठरावीक वेळ, बहुधा दोन तास, गाडी लावू शकतो आणि परवानाधारकाला ही वेळमर्यादा लागू नसते. सॅन फ्रान्सिस्कोत १९७६ पासून चालत आलेली योजना या दुसऱ्या प्रकारातली. रुग्णालयाच्या दृष्टीने या दोहोंतला फरक फार मोठा आहे. त्याकडे पुढे येऊ.

रस्ता सार्वजनिक, मग बाहेरच्याला मनाई कशी?

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टन काउंटीत क्रिस्टल सिटी हा कार्यालयांचा मोठा परिसर उभा राहिला. तिथे कामाला येणारे लोक शेजारच्या ऑरोरा हायलँड्स या वस्तीत दिवसभर गाड्या लावून जात. काउंटीने कामाच्या दिवशी दिवसाच्या वेळेत तिथे बाहेरच्या गाड्यांना मनाई केली. रहिवाशांना, त्यांच्याकडे कामानिमित्त येणाऱ्यांना आणि काही पाहुण्यांना परवाने दिले. नोकरदार न्यायालयात गेले. राहणारा आणि न राहणारा असा भेद करणे हा समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले.

ऑक्टोबर १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. वस्तीतला गोंगाट, कचरा, अपघाताचा धोका आणि हवेचे प्रदूषण कमी व्हावे, लोकांनी मोटारीऐवजी सार्वजनिक वाहतूक वापरावी, ही उद्दिष्टे राज्यघटनेला वर्ज्य नाहीत आणि रहिवासी व अनिवासी यांच्यातला फरक त्या उद्दिष्टांशी सुसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले. निकाल छोटा होता, पण त्यानंतर तिथल्या पालिकांचा मार्ग मोकळा झाला.

यातली एक गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत निसटते. आर्लिंग्टनमधला ‘बाहेरचा’ हा रोज कार्यालयात येणारा, बस किंवा मेट्रोचा पर्याय असलेला धडधाकट नोकरदार होता. त्याला रस्त्यावरून हटवले की तो बसने येईल, हा त्या युक्तिवादाचा पाया होता. रुग्णालयाच्या गल्लीतला ‘बाहेरचा’ वेगळा असतो. शस्त्रक्रियेचे टाके घातलेल्या माणसाला बसने या, असे सांगता येत नाही.

परवान्याच्या शुल्कावरही ब्रिटनमध्ये एक महत्त्वाचा निकाल आहे. उत्तर लंडनमधल्या बार्नेट परिषदेने रहिवासी परवान्याचे शुल्क ४० पौंडांवरून १०० पौंड केले आणि पाहुण्यांचे कुपन एका पौंडावरून चार पौंडांवर नेले. जास्तीचा पैसा रस्ते-वाहतुकीच्या इतर खर्चासाठी हवा होता. रहिवासी न्यायालयात गेले. जुलै २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ही वाढ बेकायदा ठरवली. पार्किंगचे नियमन करण्यासाठी दिलेला अधिकार महसूल उभा करण्यासाठी वापरता येणार नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या महापालिकांच्या अंदाजपत्रकात पार्किंगकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले जाते, त्यामुळे हा निकाल इथेही वाचण्यासारखा आहे.

रुग्णालयाभोवतीच ही वेळ का येते?

बाजारपेठ रात्री बंद होते, कार्यालय रविवारी. रुग्णालय कधीच बंद होत नाही आणि तिथे येणाऱ्याला किती वेळ लागेल हे त्यालाही ठाऊक नसते. शिवाय जुनी रुग्णालये शहरांच्या मध्यभागी आहेत आणि ती बांधली गेली तेव्हा रुग्ण मोटारीने येत नसे. खाटा वाढल्या, नव्या इमारती चढल्या, त्यासाठी आवारातल्या मोकळ्या जागा वापरल्या गेल्या. गाड्या साहजिकच कुंपणाबाहेर आल्या.

यात आणखी एक कारण मिसळते, ते म्हणजे रुग्णालयाच्या स्वतःच्या वाहनतळाचे शुल्क. आत पैसे आणि बाहेरच्या गल्लीत फुकट, असे असेल तर माणूस आधी गल्लीच धुंडाळणार. इंग्लंडमध्ये नेमके हेच होते. तिथल्या सरकारी रुग्णालयांना पार्किंगमधून दरवर्षी कोट्यवधी पौंड मिळतात, आजारी माणसावर लावलेला हा कर आहे अशी टीका होते आणि रुग्णालयांभोवतीच्या वस्त्या एकामागून एक परवाना क्षेत्रात जातात. सगळीकडून ओरड झाल्यावर २०१९ च्या अखेरीस सरकारने काही गटांना मोफत पार्किंग देण्याचे जाहीर केले. त्यात अपंगत्वाचे ‘ब्लू बॅज’धारक, वारंवार उपचारांसाठी यावे लागणारे बाह्यरुग्ण, रात्री मुक्कामी राहणारे आजारी मुलांचे पालक आणि रात्रपाळीचे कर्मचारी आहेत.

स्कॉटलंड आणि वेल्सने त्याच्याही आधी, २००८ मध्ये, बहुतेक सरकारी रुग्णालयांतले शुल्कच रद्द केले. मात्र जिथे वाहनतळ खासगी कंपन्यांना दीर्घ कराराने दिले होते तिथे हात बांधलेले होते. ग्लासगो, एडिनबरा आणि डंडी इथल्या तीन मोठ्या रुग्णालयांत शुल्क कायमचे जायला २०२१ उजाडले. कार्डिफमधल्या विद्यापीठ रुग्णालयात तर २०१७ मध्ये ७५ कर्मचारी पार्किंगच्या दंडाचा खटला हरले. ज्या रुग्णालयात नोकरी, त्याच रुग्णालयाच्या आवारात गाडी लावल्याचा दंड. वाहनतळ कंत्राटदाराला वीस-तीस वर्षांसाठी देण्याचे प्रस्ताव आपल्याकडेही येतात, तेव्हा ही उदाहरणे आठवावीत.

शुल्क रद्द करणे हाही निखळ उपाय नव्हे. शहराच्या मध्यावर मोफत वाहनतळ असेल तर तिथे खरेदीला आणि नोकरीला आलेल्यांच्याही गाड्या लागतात, मग रुग्णाला जागा कुठली? मोफत ठेवायचे तर ते कोणासाठी हे तपासावे लागते आणि तपासायचे म्हणजे माणसे नेमणे आले.

दोन तासांत कोणता उपचार होतो?

परवाना क्षेत्र आखताना गल्लीत कोण कोण येते हे मोजले जाते, पण का येते हे क्वचितच विचारले जाते. दोन तासांची मर्यादा दुकानासाठी ठीक आहे. डायलिसिसचे एक सत्र साधारण चार तासांचे असते आणि ते बहुतेक रुग्णांना आठवड्यातून तीनदा घ्यावे लागते. केमोथेरपीला औषधानुसार अर्धा दिवस जाऊ शकतो. प्रसूतीला किती वेळ लागेल हे डॉक्टरही सांगत नाहीत. ज्याला सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत जास्त वेळ यावे लागते, त्यालाच दोन तासांचा नियम सर्वांत जाचक ठरतो. उलट डोळे तपासून अर्ध्या तासात परतणारा आरामात नियमात बसतो.

दुसरा गट कर्मचाऱ्यांचा. परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, सफाई कामगार हे रुग्णालयात रोज येतात, पण परिसरात राहत नाहीत. रुग्णालयाजवळची घरे त्यांना परवडत नाहीत. परवान्याच्या भाषेत तेही ‘बाहेरचे’च. सल्लागार डॉक्टरांसाठी आवारात जागा राखून ठेवलेली असते, रात्री अकराला पाळी संपवून निघणाऱ्या परिचारिकेची दुचाकी मात्र दोन गल्ल्या पलीकडे, दिवा नसलेल्या कोपऱ्यात. इंग्लंडने रात्रपाळीला मोफत पार्किंग दिले त्यामागे पैशांइतकाच सुरक्षिततेचा विचार होता.

तिसरा गट याच्या उलट दिशेने येणारा. परिसरातल्या घरांत वृद्ध असतात, त्यांच्याकडे काळजीवाहक, फिजिओथेरपिस्ट, इंजेक्शन द्यायला येणारी परिचारिका येते. परवाना क्षेत्र झाले की त्यांनाही दंड होतो. म्हणून ब्रिटनच्या अनेक पालिकांना काळजीवाहकांसाठी वेगळा परवाना काढावा लागला. लंडनमध्ये घरी जाऊन तातडीची सेवा देणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांसाठी ‘हेल्थ इमर्जन्सी बॅज’ आहे. एकेक अपवाद जोडत गेले की मूळची सोपी योजना गुंतागुंतीची होते, आणि खोटे परवाने, उसने परवाने, आजोबांच्या नावावरचे परवाने सुरू होतात. हा प्रश्न माणसाच्या लबाडीचा वाटतो, पण बहुतेक वेळा नियमाने ज्याची सोय केली नाही तो स्वतःची सोय करून घेत असतो.

पुढच्या गल्लीचे काय?

परवाना क्षेत्राची सीमा जिथे संपते तिथून पुढे गर्दी सुरू होते. रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या परवान्याने कमी होत नाही, ते फक्त जास्त चालतात. मग पुढच्या गल्लीतले रहिवासी अर्ज करतात, क्षेत्र वाढते, गर्दी आणखी पुढे सरकते. अनेक ब्रिटिश शहरांत परवाना क्षेत्रे अशीच ठिगळांसारखी वाढत गेली.

पार्किंगच्या अर्थकारणाचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप (१९३८-२०२५) यांनी यावर वेगळा मार्ग सुचवला होता. ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हे त्यांचे २००५ चे पुस्तक. बाहेरच्यांना पूर्ण मनाई करण्याऐवजी काही जागा योग्य दराने त्यांना द्याव्यात आणि येणारा पैसा त्याच गल्लीच्या पदपथांवर, दिव्यांवर, झाडांवर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे. आपल्या गल्लीचे काही भले होताना दिसले की रहिवाशांचा विरोध मावळतो. ऑस्टिन शहरात टेक्सास विद्यापीठाशेजारच्या वेस्ट कॅम्पस भागात हा प्रयोग झाला आणि मीटरच्या पैशातून तिथले पदपथ सुधारले. तर्क बिनतोड आहे. फक्त ‘योग्य दर’ विद्यार्थ्याकडून घेणे वेगळे आणि महिन्यात बारा वेळा डायलिसिसला येणाऱ्याकडून घेणे वेगळे.

आपल्याकडे प्रयत्न झाले का?

धोरणांची कमी नाही. मुंबई महापालिकेने रहिवाशांना इमारतीबाहेर रात्री मासिक दराने गाडी लावू देण्याची कल्पना गेल्या दशकात मांडली होती. जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा गाडी लावल्यास दुचाकीला किमान ५ हजार आणि मोटारीला किमान १० हजार रुपये दंडाची मोहीम सुरू झाली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. पुण्यात मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर झाले. विरोधामुळे ते निवडक रस्त्यांपुरते मर्यादित केले गेले आणि तिथेच रेंगाळले. रात्रीच्या पार्किंगसाठी पैसे ही त्यातली तरतूद पहिल्या फटक्यात वगळली गेली. बंगळूरुच्या नव्या पार्किंग धोरणात मात्र रहिवासी परवाना स्पष्टपणे आहे. लहान मोटारीला वर्षाला १ हजार रुपये, मध्यम मोटारीला ३ ते ४ हजार आणि मोठ्या मोटारीला ५ हजार. दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये निवासी भागांतले पदपथ गाड्यांपासून मोकळे करण्यास सांगितले, रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनांना वाट राहिली पाहिजे यावर भर दिला आणि त्याच महिन्यात दिल्ली सरकारने पार्किंगचे नियम अधिसूचित केले.

अडचण अंमलबजावणीची आहे आणि तिचे मूळ अधिकारांच्या वाटणीत आहे. रस्ता महापालिकेचा. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकार किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे आहे, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. चलान फाडतात आणि गाडी उचलतात वाहतूक पोलीस. पैसे गोळा करतो पालिकेचा ठेकेदार. परवाना पालिकेने द्यायचा आणि तो नसलेल्याला पोलिसांनी हटवायचे, तर दोघांची यादी एक असावी लागते. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्यानंतर पार्किंगचा दंड हा गुन्हेगारी प्रक्रियेतून बाहेर काढून स्थानिक परिषदांकडे देत गेले, म्हणून तिथे परवान्याला दात आले. आपल्याकडे गल्लीत परवान्याचा फलक लावला आणि तपासणारा कुणी नसला, तर सोसायटीचा सुरक्षारक्षकच स्वयंघोषित तपासनीस होईल. आजही तो कुंड्या, जुनी टायरे आणि सिमेंट भरलेले डबे ठेवून तेच करतो, तेही सार्वजनिक रस्त्यावर.

परळमध्ये ही योजना कशी दिसेल?

केईएम रुग्णालय १९२६ चे, टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चे, वाडिया रुग्णालये त्याच काळातली. सारी एकमेकांपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर. आजूबाजूला गिरणगावातल्या चाळी, जुन्या इमारती आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभे राहिलेले मनोरे. मनोऱ्यांच्या पोटात अनेक मजल्यांची वाहनतळे आहेत. चाळीला वाहनतळ नाही, कारण ती बांधताना कामगाराकडे मोटार असेल असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. इथे परवाना द्यायचा तर कोणाला? आवारात जागा असूनही दुसरी आणि तिसरी गाडी रस्त्यावर ठेवणाऱ्याला, की चाळीत राहून टॅक्सी चालवणाऱ्याला?

पुराव्याचा प्रश्न त्याहून किचकट. पागडीच्या खोलीत राहणाऱ्याची भाडेपावती आजोबांच्या नावावर असते. भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा, तोही नोंदवलेला असेलच असे नाही. गाडी गावच्या पत्त्यावर नोंदलेली, म्हणजे क्रमांक एमएच-०१ ऐवजी एमएच-०९. कागद भक्कम असणाऱ्या घरमालकाला परवाना सहज मिळेल आणि वीस वर्षे तिथेच राहणारा भाडेकरू स्वतःच्या गल्लीत ‘बाहेरचा’ ठरेल.

जागेचे मोलही इथे समोरासमोर दिसते. एका मोटारीला लागणारी अडीच बाय पाच मीटरची जागा म्हणजे साधारण १३५ चौरस फूट. शेजारच्या नायगावातल्या बीडीडी चाळीची मूळची खोली १६० चौरस फुटांची, त्यात अख्खे कुटुंब राहत आले. वर्षाला हजार-दोन हजार रुपयांत १३५ चौरस फूट सार्वजनिक जमीन देणे ही परळमध्ये किती मोठी सवलत आहे, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

आणि टाटा रुग्णालयाशी येणारे बहुतेक रुग्ण मोटारीने येतच नाहीत. बिहार, बंगाल, ओडिशा, विदर्भ, मराठवाड्यातून ते रेल्वेने येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाही तर पदपथावर ताडपत्री. त्यांना रस्त्याकडून हवे आहे ते एवढेच : चालायला मोकळा पदपथ, टॅक्सी दारापर्यंत येईल इतकी वाट, बसायला सावली. पदपथावर चढलेली मोटार परवानाधारकाची आहे की उपऱ्याची, याने त्यांना काही फरक पडत नाही.

मग योजना करायची तर कुठून सुरुवात व्हावी?

गल्लीच्या मोजमापापासून. सहा मीटर रुंदीच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी लावल्या, प्रत्येकीची रुंदी १.८ मीटर धरली, तर मध्ये २.४ मीटर उरतात. तेही सर्वांनी गाडी कडेला अगदी चिकटवून लावली तर. रुग्णवाहिका आरसे मिटून कशीबशी निघेल. अडीच मीटरच्या आसपास रुंदी असलेला अग्निशमन बंब निघणार नाही. म्हणजे अशा गल्लीत एका बाजूला पार्किंग अजिबात नको, हे आधी ठरले पाहिजे. मगच दुसऱ्या बाजूच्या उरलेल्या जागा कोणाला द्यायच्या याची चर्चा. आपल्याकडे सुरुवात नेमकी उलटी, म्हणजे मागणीपासून होते.

त्यानंतर रुग्णालयाचा हिशेब. आराखडा मंजूर करून घेताना दाखवलेले तळघरातले वाहनतळ आज तिथेच आहे का, की तिथे औषधांचे दुकान, भांडार किंवा तपासणी केंद्र आले आहे, हे पालिकेने आधी पाहावे. रुग्णाने गाडी गल्लीत लावू नये असे म्हणायचे, तर त्याला आत जागा देण्याची जबाबदारी रुग्णालयावर टाकावीच लागेल. दारात रुग्णाला उतरवून गाडी पुढे नेता येईल अशी दहा मिनिटांची जागा, डायलिसिस व केमोथेरपीच्या रुग्णांना रुग्णालयाच्या केसपेपरवरच मिळणारा दिवसाचा पास, रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांसाठी आवारात दुचाकींची जागा, या गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी बसतात. पुण्यासारख्या शहरात तर दुचाकीचा विचार न करता आखलेली परवाना योजना पहिल्याच आठवड्यात कोलमडेल, कारण परदेशातला सारा नमुना मोटारीसाठी बनलेला आहे.

राहिला रहिवासी. त्याला परवाना मिळावा, पण घरटी एक, इमारतीत जागा नसलेल्यालाच आणि दुसऱ्या गाडीला चढ्या दराने, हे बहुतेक यशस्वी योजनांतले सूत्र आहे. जपानने १९६२ च्या कायद्याने हा प्रश्न मुळातच वेगळ्या ठिकाणी सोडवला. घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडी ठेवायला जागा आहे असे पोलिसांचे प्रमाणपत्र असल्याशिवाय मोटार घेताच येत नाही. महाराष्ट्रातही मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी नाही, असे धोरण आणण्याचे सूतोवाच केले. तसे झाले तरी आज रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांना ते लागू होणार नाही.

रहिवाशांच्या संघटना परवान्याची मागणी करतात तेव्हा पालिकेकडे विचारण्यासारख्या तीन-चार गोष्टी आहेत. आमच्या गल्लीत गाडी लावता येईल अशा जागा किती आणि गाड्या किती, हे कुणी मोजले आहे का? सकाळी दहाला आणि रात्री अकराला मोजले का? कारण रात्री अकरालाही गल्ली भरलेली असेल, तर त्या गाड्या रुग्णांच्या नसून आपल्याच आहेत. आणि रुग्णालयाच्या मंजूर आराखड्यात वाहनतळ किती गाड्यांचे आहे? तो आराखडा माहिती अधिकारात मागता येतो.